कापसाचा पैसा आणि काटकसरीचे ग्रंथ

पैसा कसा मिळवावा हे सांगणाऱ्या पुस्तकांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मिळालेला पैसा कसा राखावा हे सांगणारे लेखन हल्ली वाचले जाते. वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पुरवण्या, इंग्रजीतून मराठीत आलेली भडक आवरणांची पुस्तके, आणि तालुक्याच्या ग्रंथालयात स्पर्धापरीक्षांच्या फळीशेजारी हक्काने जागा अडवून बसलेली गुंतवणुकीची मार्गदर्शके पाहिली म्हणजे काटकसर हा आता स्वभावाचा गुण न राहता एक वाङ्मयप्रकारच होऊन बसला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु असे एखादे पुस्तक अकोला जिल्ह्याच्या उत्तर अंगास, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या तेल्हाऱ्यात उघडले, तर पहिल्याच प्रकरणात वाचक अडखळतो. पुस्तक सांगते की पगार हाती पडताच त्याचा दहावा हिस्सा बाजूला काढावा. आणि तेल्हाऱ्याचा वाचक विचारतो, पगार कोणत्या तारखेला?

येथल्या मिळकतीला तारीख नसते, हंगाम असतो. मृग लागला की सरकी टोबायची, आषाढ-श्रावणात निंदण, डवरणी, खत आणि फवारणी यांत घरातला शेवटचा रुपया घालायचा, पोळ्यापर्यंत उधारीचा कळस चढवायचा, आणि दिवाळीच्या आगेमागे पहिला वेचा घरात आला म्हणजे पुढच्या तीन-चार महिन्यांत साऱ्या वर्षाचा चुकारा हाती घ्यायचा, असा हा क्रम आहे. उत्पन्न चौमाही आणि खर्च बारमाही, ही येथल्या प्रपंचाची मूळ अडचण. त्यातही तालुका एकसारखा नाही. वारी भैरवगडाजवळ वान नदीवर जे धरण झाले त्याच्या पाण्याखालचा आणि डोंगरपायथ्याच्या गोड्या विहिरींचा भाग केळी, संत्री यांवर दोन पैसे गाठीस बांधू शकतो. पण दक्षिणेस पूर्णेच्या बाजूने उतरत गेले की खारपाणपट्टा लागतो, जेथे विहीर खणली तरी तिचे पाणी पिकाला चालत नाही आणि आभाळाकडे पाहत एकाच पिकावर वर्ष काढावे लागते. बाजार एक, बाजार समिती एक, तहसील कचेरी एक. पण एका शेतकऱ्याचा पैसा वर्षातून दोनतीनदा फिरतो आणि दुसऱ्याचा एकदाच. या दोघांना काटकसरीचा एकच उपदेश करणे हे मला नेहमीच थोडे उद्धटपणाचे वाटत आले आहे.

तरीही हे लेखन टाकाऊ नाही. त्याची परंपरा जुनी असून तिच्यात निरनिराळ्या देशांच्या प्रपंचाचे प्रतिबिंब पडलेले आहे. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या पंचांगवजा वार्षिकासाठी १७५८ साली जी प्रस्तावना लिहिली, ती पुढे ‘संपत्तीचा मार्ग’ अशा अर्थाच्या नावाने जगभर पसरली. कर्ज काढणारा आपले स्वातंत्र्य गहाण टाकतो, हा तिचा रोख. बॅबिलोनच्या व्यापाऱ्यांच्या कल्पित गोष्टी सांगून, मिळकतीचा दहावा भाग स्वतःसाठी राखून ठेवावा असे शिकवणारे जॉर्ज क्लेसनचे पुस्तक १९२६ चे. जपानात हानी मोतोको या बाईंनी, ज्या त्या देशातील पहिल्या स्त्रीपत्रकारांपैकी एक म्हणून ओळखल्या जातात, १९०४ साली गृहिणींसाठी घरखर्चाची एक आखीव वही प्रसिद्ध केली, आणि ती पद्धत शंभर वर्षांनंतरही तेथे चालू आहे. अगदी अलीकडचे, म्हणजे १९९२ चे, विकी रॉबिन आणि जो डॉमिंगेझ यांचे पुस्तक तर पैशाला आयुष्याच्या तासांतच मोजते: ही वस्तू घेण्यासाठी आपल्या आयुष्यातले किती तास खर्ची पडले, असा प्रश्न ते प्रत्येक खरेदीच्या वेळी विचारावयास लावते. या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती जपानी बाईंची वही. कारण तिच्यात उपदेश थोडा आणि रकाने पुष्कळ आहेत.

आता एक योगायोग पाहण्याजोगा आहे. स्वावलंबनावर लिहून विलायतेत कीर्ती मिळवलेल्या सॅम्युअल स्माइल्सचे काटकसरीवरील पुस्तक १८७५ साली निघाले. कामकऱ्याने दारू सोडावी, चार पेन्स वाचवावे, पतपेढीत ठेवावे, म्हणजे तो आपोआप वर येईल, असा त्याचा विश्वास. त्याच वर्षी, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारात कुणबी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि तेथून पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावी दंग्याचे लोण पसरले. या दंग्यांत बहुतेक ठिकाणी जिवावर हात टाकला गेला नाही. लोकांनी मागितले ते कर्जरोखे, खते आणि हुकूमनामे, आणि ते हाती येताच जाळून टाकले. म्हणजे ज्या काळी विलायतेतला कामकरी वही उघडावयास शिकत होता, त्याच काळी दख्खनचा शेतकरी दुसऱ्याच्या घरची वही जाळीत होता.

सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने या प्रकरणाची जी कारणमीमांसा केली, तीत एक गोष्ट अशी आहे की जी आजही काटकसरीच्या उपदेशकांनी वाचावी. शेतकरी लग्नकार्यांत उधळपट्टी करतो म्हणून तो कर्जबाजारी होतो, हे त्या वेळच्या साहेबांचेही लाडके मत होते. मंडळाने मात्र, या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देण्यात आले आहे, असे नमूद केले. लग्न काही दरसाल होत नाही. पोटाला धान्य, पेरणीला बी, मेलेल्या बैलाच्या जागी दुसरा बैल आणि सरकारचा सारा, यांसाठी वारंवार घेतलेल्या किरकोळ रकमा आणि त्यांवर चढत जाणारे व्याज, हीच कर्जाची खरी बेरीज होती. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी तरतूद सहसा कोणी सांगत नाही. सावकाराने रकमेची पावती द्यावी, सालअखेर हिशेबाचा उतारा द्यावा, आणि कुळाने मागितल्यास त्याला त्याच्या खात्याची पुस्तिका द्यावी, असे त्या कायद्याने फर्मावले. कायदा पुणे, सातारा, नगर, सोलापूर या चार जिल्ह्यांपुरता होता, वऱ्हाडास तो लागू नव्हता, आणि तो किती पाळला गेला हा प्रश्न निराळाच. पण हिशेब ज्याचा आहे त्याच्या घरी तो असला पाहिजे, ही दृष्टी त्यात होती.

वऱ्हाडातही परिस्थिती वेगळी नव्हती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नव्या चोपड्या मांडून त्यांना हळदकुंकू वाहावयाचे, ही रीत व्यापाऱ्यांची. शेतकऱ्याच्या घरी त्या दिवशी केरसुणीची पूजा होते, वहीची होत नाही, कारण त्याची वही मुळी त्याच्या घरी नसतेच. ती मुनिमाच्या गादीखाली असते. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ च्या सुमारास लिहून पुरा केला तेव्हा अक्षरशत्रू कुणब्याला लिहिणारा कसा लुबाडतो, हाच त्यांच्या संतापाचा एक मुख्य विषय होता. हिंदू धर्मशास्त्राने दामदुपटीचा नियम घालून, एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येणार नाही अशी मर्यादा पूर्वीच आखून दिली होती. पण मुद्दल किती, हेच ज्याला वाचता येत नाही त्याला दामदुपटीचा काय उपयोग?

आणि असे नव्हे की वऱ्हाडात पैसा कधी आलाच नाही. निजामाने १८५३ साली कंपनी सरकारच्या हवाली केलेला हा मुलूख काळ्या मातीचा आणि कापसाचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि चार वर्षे येथल्या कापसाला जो भाव आला तो तत्पूर्वी कोणी ऐकलाही नव्हता. त्या सुगीच्या दिवसांत नागपूर-वऱ्हाडकडच्या कास्तकारांनी नांगराला चांदीचे फाळ आणि बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवल्या आहेत. अतिशयोक्ती वजा केली तरी पैसा कोठे गेला याची दिशा त्यांतून कळते. युद्ध १८६५ साली थांबले, भाव कोसळले, दोनच वर्षांत आगगाडी नागपुरास पोचली, आणि चढ्या भावाच्या काळात घेतलेली कर्जे मात्र उतरत्या भावाच्या काळात फेडावयाची राहिली. एकरकमी हाती आलेल्या पैशाचे काय करावे, या विषयावर आजच्या पुस्तकांत एखादे लहानसे प्रकरण असते. वऱ्हाडला ते प्रकरण पहिले लागते.

काटकसरीचे वऱ्हाडी वाङ्मय शोधू गेले तर ते प्रथम छापलेले सापडत नाही, सांगितलेले सापडते. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगे महाराज, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. बाप व्यसनापायी लवकर गेला; आई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला आली. मामाची शेती होती, डेबूजी तीत राबत होता, आणि तीच शेती सावकाराच्या कागदांत अडकून हातची गेली. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी वऱ्हाडचे प्रपंच बुडाले, दारू आणि न वाचता दिलेला अंगठा, त्या दोन्ही या माणसाने स्वतःच्या घरात पाहिल्या होत्या. पुढे मुलीच्या बारशाला, जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत न घालता त्यांनी गोडाचे साधे जेवण घातले, तेव्हा भाऊबंद रुसले. पण कर्ज झाले नाही. फेब्रुवारी १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले, आणि पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे, जेथे पौषातल्या रविवारी यात्रा भरते, तेथे यात्रेकरूंसाठी घाट बांधण्याच्या खटपटीने त्यांच्या लोकसेवेचा आरंभ झाला.

त्यांचे कीर्तन हे एका अर्थी प्रपंचाच्या जमाखर्चाची जाहीर उजळणीच असे. समोरच्या माणसाला प्रश्न विचारावयाचा, त्याच्याच तोंडून उत्तर काढावयाचे, आणि उत्तर चुकले की सगळ्या मांडवाला हसवावयाचे, ही त्यांची रीत. देवाला बकरे किती रुपयांचे, ते रुपये कोठून आणले, व्याज कोण फेडणार, आणि बकरे खाल्ले कोणी, असा हिशेब शेवटी ऐकणाऱ्याच्याच पदरात येऊन पडे. सण कर्ज काढून करू नका. जेवायला ताट नसले तर हातावर भाकरी घ्या. बायकोला लुगडे हलक्या भावाचे आणा. पण पोराला शाळेत घातल्यावाचून राहू नका, असा त्या कीर्तनांचा सारांश त्यांच्या चरित्रकारांनी दिला आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच, १९५२ साली, त्यांचे चरित्र लिहिले. परतवाड्यास जन्मलेले गो. नी. दांडेकर तर काही काळ बाबांच्या सहवासातच वावरले, आणि त्यांनीही बाबांचे चरित्र लिहिले. ही चरित्रे भक्तिभावाने वाचली जातात, ते ठीकच. पण खर्चाच्या दृष्टीने ती पुन्हा वाचावीत असे मी सुचवीन.

कारण त्यांत काटकसरीची जी प्रतवारी आहे ती विलायती ग्रंथांत क्वचितच आढळते. बाबा सगळा खर्च कमी करा असे म्हणत नाहीत. मान, मानपान, देवाची भीती आणि भाऊबंदांची लाज यांपायी होणारा खर्च ते निर्दयपणे कापतात, आणि शाळेचा खर्च मात्र ताट मोडूनही करावयास सांगतात. स्वतः डोक्यावर फुटके गाडगे आणि अंगावर चिंध्या घेऊन फिरणाऱ्या या अक्षरशून्य माणसाच्या नावाने पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. लाखो रुपये जमले आणि लागले, पण ते विश्वस्तांच्या हाती सोपवलेले असत आणि घरच्या माणसांना त्यांतला वाटा नसे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे प्रवासातच त्यांचे देहावसान झाले. कंजूष आणि काटकसरी या दोन माणसांतला भेद सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी हाच विषय लेखनात आणला. त्यांची ‘ग्रामगीता’ १९५५ सालची. तिच्यात गरिबी-श्रीमंती, श्रमसंपत्ती, वैवाहिक जीवन असे अध्याय असून लग्नातल्या डामडौलावर आणि हुंड्यावर त्यांनी सविस्तर लिहिले आहे. वऱ्हाडातल्या कित्येक घरांत ही पोथी देव्हाऱ्याशेजारी असते आणि सामुदायिक प्रार्थनेच्या वेळी तिचे वाचनही होते. त्याच घरांत लग्नाचा मांडव मात्र दरवर्षी थोडा रुंदावतो, ही गंमत मी अनेकदा पाहिली आहे.

आता आजच्या पुस्तकांकडे वळू. त्यांचा एक आवडता सल्ला असा की रोजचा किरकोळ खर्च वाचवा. बाहेरची कॉफी सोडा, वर्षाअखेर केवढी रक्कम जमते ती पाहा. तेल्हाऱ्याच्या बसस्थानकावर दिवसातून दोन वेळा दहा रुपयांचा चहा घेणाऱ्या माणसाने तो सोडला, तर वर्षाला ७,३०० रुपये वाचतात, हे खरे. पण त्याच माणसाने एक लाख रुपये शेकडा तीनने, म्हणजे महिन्याला शंभरामागे तीन रुपये अशा दराने, उचलले असतील तर वर्षाचे व्याज ३६,००० होते. पाच वर्षे चहा वर्ज्य केला तर एक वर्षाचे व्याज निघते. चहा सोडण्याची कल्पना नगरवासी पगारदाराला शोभते. येथे प्रथम सोडावयाची गोष्ट वेगळी आहे. मासिक दराची ही बोली मोठी फसवी असते, कारण ‘शेकडा दोन’ हे शब्द कानाला लहान लागतात आणि वर्षाचे चोवीस टक्के होतात. उलट बाजूने पाहा: पोस्टाच्या किसान विकास पत्रात साडेसात टक्के दराने ठेवलेली रक्कम, २०२३ सालच्या दरानुसार, ११५ महिन्यांत दुप्पट होते, तर शेकडा दोनचे साधे व्याज चक्रवाढीशिवायही मुद्दलाएवढे व्हायला ५० महिने पुरतात. म्हणजे बचत दुप्पट व्हायला साडेनऊ वर्षे आणि कर्ज दुप्पट व्हायला चार वर्षे. ज्याच्या डोक्यावर असे कर्ज आहे त्याने गुंतवणुकीची पुस्तके तूर्त बाजूस ठेवून प्रथम कर्ज फेडावे, कारण चोवीस टक्के खात्रीचा परतावा देणारी दुसरी योजना बाजारात नाही.

तालुक्यातल्या खारपाणपट्ट्याच्या बाजूच्या एका गावी मी एका घरची वही पाहिली. कोरडवाहू पाच एकर, मुलगा पुण्यास नोकरीला, मुलगी लग्नाची. वही घरच्या बाईंनी लिहिलेली. बचत गटाच्या त्या सचिव, तेथले इतिवृत्त आणि हप्त्यांचा तक्ता लिहिता लिहिता हाताला जी सवय लागली ती त्यांनी घरात आणली. दोनशे पानी शाळकरी वही, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे. पहिल्याच पानावर तारखा: सोसायटीची ३१ मार्च, विम्याची, वीजबिलाची. पुण्याहून मुलाने पैशांविषयीचे एक जाडजूड पुस्तक आणून दिले होते, त्यातून त्यांनी घेतले ते एवढेच की खर्चाच्या प्रत्येक ओळीपुढे ‘नगद’ की ‘उधार’ हे लिहावयाचे. त्या एका रकान्याने जे दाखवले ते पाहण्यासारखे होते. फवारणीच्या औषधाची एक बाटली नगदीत ६४० ला आलेली, तीच महिन्याभराने उधारीत ७२० ला. “तेच औषध, तीच बाटली, भाऊ,” त्या म्हणाल्या, “नगदी घेतली तं एक भाव, उधार घेतली तं दुसरा. पयले मले वाटे का भाव वाढले असतीन.” वाढलेल्या ८० रुपयांना कोणी व्याज म्हणत नाही, पावतीवर ते लिहिलेले नसते, पण दिवाळीपर्यंतच्या चार महिन्यांचे ते साडेबारा टक्के होतात, आणि वर्षाच्या मापाने साडेसदतीस. सावकाराच्या दाराशी न जाताही सावकारी व्याज कसे भरले जाते, ते मला त्या पानावर प्रथम स्पष्ट दिसले.

त्याच वहीत मार्च महिन्याचे पान आहे. सेवा सोसायटीतून घेतलेले पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून तीन लाखांपर्यंतच्या कर्जाचे व्याज जवळजवळ शून्यावर येते. राज्याच्या सवलत योजनेला वऱ्हाडचे शेतकरी-पुढारी पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे. मुदत चुकली की सवलत बुडते. म्हणून मार्चअखेर गावोगाव ‘नवं-जुनं’ करण्याची धांदल उडते: कोठून तरी आठ-दहा दिवसांसाठी रक्कम उभी करावयाची, जुने खाते भरावयाचे, नवे कर्ज मंजूर झाले की ती रक्कम परत करावयाची. एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे काढू नये, असे प्रत्येक पुस्तक बजावते. पण दीड लाखाच्या कर्जावर सहा टक्के जरी धरले तरी वर्षाचे नऊ हजार जातात, आणि आठ दिवसांच्या उसनवारीला शेकडा दोनने अख्ख्या महिन्याचे व्याज मोजले तरी तीन हजार. तेव्हा नवं-जुनं करणारा शेतकरी मूर्ख नसतो, गणित त्याच्या बाजूने असते. पुस्तकाचा नियम येथे मोडतो. मात्र त्या बाईंनी याच्याही पुढची पायरी गाठली होती: दिवाळीनंतर कापसाचा जो पहिला चुकारा आला, त्यातले पन्नास हजार त्यांनी चार महिन्यांसाठी बँकेत मुदतीने ठेवले, आणि मार्चमध्ये उसनी रक्कम तेवढ्याने कमी लागली. पगारदारासाठी सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी सांगतात. येथे तिचे माप एक हंगाम आणि तिची परीक्षा ३१ मार्च.

आयुष्याच्या तासांत पैसा मोजण्याची जी युक्ती वर सांगितली, तीही या वहीत मी थोडी बदलून वापरून पाहिली. शेतकऱ्याला तास कळत नाहीत असे नाही, पण त्याला क्विंटल अधिक कळतो. लांब धाग्याच्या कापसाचा २०२४-२५ सालचा हमीभाव ७,५२१ रुपये. मुलीच्या लग्नाचा अंदाज चार लाखांचा. म्हणजे ५३ क्विंटल कापूस. पाच एकर कोरडवाहूत एकरी सहा क्विंटल धरले तर वर्षाचे पीक ३० क्विंटल. वेचाई, बी, खत, औषध काहीही वजा न करता पावणेदोन वर्षांचा सगळा कापूस एका मांडवात. घरधन्यांनी ही आकडेमोड ऐकली, थोडा वेळ गप्प राहिले, आणि म्हणाले, “मंग वाजा कमी करू. जेवन कमी नाही करता येत.” डीजेचा आकडा खरोखर खोडला गेला. दंगे-चौकशी मंडळाचे म्हणणे आणि गाडगेबाबांचे म्हणणे यांत मला पूर्वी विरोध वाटे. या वहीवरून तो राहत नाही. कर्जाला आरंभ गरजेने होतो, औषधाच्या बाटलीने आणि बियाण्याच्या पाकिटाने. ते आवाक्याबाहेर जाते ते मात्र एखाद्या कार्याच्या वर्षी.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. काटकसरीने सगळे साधते, असे जो म्हणतो त्याला वऱ्हाड ठाऊक नाही. गुलाबी बोंडअळीने २०१७ साली उभी कपाशी पोखरली तेव्हा वही लिहिणाऱ्याचे आणि न लिहिणाऱ्याचे बोंड सारखेच किडले. पंतप्रधानांनी २००६ साली ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली त्यांत अकोला होता, आणि त्यामागे ज्या आत्महत्या होत्या त्यांचे कारण चहापाणी नव्हते. जुन्या मध्यप्रांतात १९३३ साली कर्जलवादाचा कायदा झाला, ज्याच्याशी पंजाबरावांचे नाव जोडले जाते. सावकार आणि कूळ यांना समोरासमोर बसवून कर्ज तडजोडीने कमी करणारी मंडळे त्याने निर्माण केली. ते काम कोणा एका घरच्या काटकसरीने झाले नसते. भाव, पाऊस आणि पतपुरवठा यांचा हिशेब सरकारदरबारीच मागावा लागतो. पण तो मागावयास जाणाऱ्याजवळ स्वतःची वही असली, म्हणजे अर्जातले आकडे खरे असतात आणि समोरच्या कारकुनाला ते सहज खोडता येत नाहीत, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

त्या घरची वही मी परत देताना बाईंना विचारले की लग्नाचे पान आहे, सोसायटीचे आहे, औषधाचे आहे. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या दिसतात, तेव्हा दुखण्याच्या आणि पुढल्या खर्चाचेही एक पान आखले आहे का? दवाखान्याचे पान त्यांनी उलटून दाखवले. त्यावर गोळ्यांची, तपासणीची, अकोल्याच्या भाड्याची नोंद होती. तेरवीचे पान मात्र नव्हते. ते घरात ठरत नाही, असे त्या म्हणाल्या. चार दीर आहेत, पंगत किती गावांची घालायची ते चौघे मिळून ठरवतात, आणि वाट्याला येईल ती रक्कम आपण नंतर नावे बाजूला लिहायची.